राखणदार

"गादी गंकर, टोकन अकरा."
घाडीगावकर. पण दुरुस्त करायचं तर तोंड उघडावं लागतं
आणि तोंड सध्या दोनच बोटं उघडतं.

तीन हवीत, म्हणाल्या डॉक्टर सुमय्या.
तुमची स्वतःची तीन, उभी, दातांच्या मधोमध.
पट्टी लावून त्यांनी मोजलं, सव्वीस मिलिमीटर,
आणि आरशात दाखवलं:
उघडताना हनुवटी डावीकडे सरकते,
कुणाची तरी नजर चुकवावी तशी.

त्याआधी कानाच्या डॉक्टरकडे झालं होतं.
बारा रियाल, थेंब, आठवडाभर कापूस.
इथे रुवीत, सराफाच्या दुकानावरच्या मजल्यावर,
सुमय्या म्हणाल्या, कानाचा काही दोष नाही.
करंगळ्या घाला कानात. आता जबडा हलवा.
हलवला.
आतून कुणीतरी बोटाला टिचकी मारली.

सांध्यात एक गादी असते, कूर्चेची,
चिंचोक्यापेक्षा थोडी मोठी.
तुमची पुढे घसरलीय.
तोंड उघडताना हाड तिच्यावर चढतं, टक.
मिटताना उतरतं, टक.
(म्हणजे बाहेरची मुलगी अगदीच चुकली नव्हती.)

झोपेत दात खाता?
झोपेतलं मला काय ठाऊक. मोतालेबला ठाऊक आहे.
घालाच्या कॅम्पात माझ्या वरच्या बंकवर असतो, शटरिंगचा सुतार.
सांगतो, दादा, तुम्ही रात्रभर खडी फोडता.

मी टाइमकीपर. एकशे चौदा माणसांची हजेरी माझ्या हाती.
पगार माझ्या हाती नाही,
पण जेवणाच्या रांगेत विचारतात मलाच.
मार्चचा नाही, एप्रिलचा नाही.
मी म्हणतो, पुढच्या आठवड्यात.
ऑफिसात बजावलंय, एवढंच म्हणायचं.
आणि मग दाढा घट्ट मिटून घ्यायच्या
म्हणजे मागून दुसरं काही येत नाही.

आमच्या घराकडे गाऱ्हाणं घालायचा मान.
आजा गावाच्या सीमेवर उभा राहून
राखणदाराला मोठ्यानं सांगायचा
कुणाचं काय अडलंय, कुणी काय लपवलंय, नावानिशी.
त्याचा जबडा कधी दुखल्याचं ऐकलं नाही.

ऑपरेशन नको, सुमय्या म्हणाल्या.
गरम टॉवेल, दिवसातून तीनदा. खुबूस आमटीत भिजवून.
जांभई आली की हनुवटीखाली मूठ.
जीभ टाळूला, ओठ मिटलेले, दात सुटे.
दातांना दात लागावा तो फक्त घास चावताना.
मग बाकीचा दिवस काय करायचं दातांचं?
काही नाही. लोंबत ठेवायचे.

पुदिन्याच्या वासाचा गुलाबी लगदा भरून साचा घेतला.
पारदर्शक पट्टी, रात्री वरच्या दातांवर.
पंच्याऐंशी रियाल, विम्यात बसत नाही.
तीन हप्ते चालतील का?
चालतील, असं त्या लगेच म्हणाल्या, आणि मला
कॅम्पातले एकशे चौदा चेहरे आठवले.

जूनमध्ये पट्टी दाखवायला नेली.
त्यांनी दिव्यासमोर धरली. नखानं चरे मोजले.
इथे फार दाबता. उजवी सहावी दाढ.
महिनाअखेरीस काही होतं का?
मी हजेरीपुस्तकं वाचणारा माणूस,
माझ्या हातचं इतकं खरं पुस्तक पाहिलं नव्हतं.

त्या रात्री पट्टी डबीतच ठेवली.
मोतालेब, म्हटलं, वरून खाली बघ.
पगार कधी होईल मला माहीत नाही.
कधीच माहीत नव्हतं.
टक. झालंच ते, कानाजवळ, नेहमीसारखं.
वरचा पत्रा करकरला. बराच वेळ काही नाही.
मग तो म्हणाला, आम्हाला ठाऊक होतं, दादा.
तुम्ही झोपा.

पाणी पिऊन आलो. पट्टी लावली.
सकाळी आरशात बोटं घालून पाहिली:
दोन, आणि तिसऱ्याचं नख.